उत्प्रेरक टिकला, तर धंदा टिकला

— ऊस विकास अधिकारी



या पानावर एरवी बेणे, लागण, खोडवा, हुमणी आणि ठिबक यांची चर्चा असते. यावेळचा विषय बांधाबाहेरचा वाटेल, पण तो आपल्या मळीशी आणि आपल्या युरियाच्या गोणीशी थेट जोडलेला आहे.

गटसभेत, चारीवर किंवा काष्टीच्या बाजारात सभासद भेटले की एक प्रश्न हटकून येतो. "साहेब, ऊस आपला, मळी आपली, अल्कोहोल आपला. मग त्याची रसायने करून चार पैसे दुसऱ्याने का मिळवायचे? कारखान्याने स्वतःच का करू नयेत?" प्रश्न रास्त आहे. उत्तर देताना भांडवल, बाजारभाव, परवाने आणि पाणी यांचा हिशोब सगळेच मांडतात. एक हिशोब मात्र सहसा राहून जातो. रसायनाच्या रिअॅक्टरमध्ये धातूचा जो उत्प्रेरक भरलेला असतो, तो किती दिवस टिकतो, हा तो हिशोब. या धंद्याचा नफा-तोटा पुष्कळदा तिथेच ठरतो. म्हणून सभासदाला याची तोंडओळख असावी, एवढ्यासाठी हा लेख.

उत्प्रेरक म्हणजे कोण?

लग्न जमवणारा मध्यस्थ आपण पाहतो. तो दोन्ही घरांची गाठ घालून देतो, बोलणी पार पाडतो, पण स्वतः काही बोहल्यावर चढत नाही. एक लग्न उरकले की दुसऱ्याच्या उद्योगाला लागतो. रसायनशास्त्रात हेच काम उत्प्रेरक करतो. दोन पदार्थ धातूच्या पृष्ठभागावर येऊन चिकटतात, तिथे त्यांचे जुने बंध सैल होतात, नवे बंध जुळतात, तयार माल सुटून निघून जातो आणि जागा पुन्हा मोकळी होते. धातू खर्च होत नाही. कागदावर असा मध्यस्थ अमर असायला हवा. प्रत्यक्षात तो थकतो, म्हातारा होतो आणि एक दिवस बदलावा लागतो.

युरियाच्या गोणीमागे

आधी आपल्या रोजच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे, पण पिकाला ते तसे घेता येत नाही. त्याची हायड्रोजनशी गाठ घालून अमोनिया करावा लागतो आणि अमोनियापासून युरिया. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हे प्रयोगशाळेत करून दाखवले आणि १९१३ मध्ये ओप्पाऊ येथे पहिला मोठा कारखाना सुरू झाला. उत्प्रेरक होता लोखंडाचा. आजही मुख्यत्वे तोच आहे.

युरियाची ४५ किलोची एक गोणी घ्या. तिच्यात सुमारे २०.७ किलो नत्र असते आणि ती करायला सुमारे साडेपंचवीस किलो अमोनिया लागतो. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी शंभर किलो. सगळे नत्र युरियातून द्यायचे धरले, तर एकरी जवळजवळ पाच गोण्या झाल्या. अलिबागजवळच्या थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा युरियाचा कारखाना १९८५ पासून उत्पादन करतो आहे. अशा कारखान्यात नैसर्गिक वायूपासून अमोनियापर्यंत जाताना निकेल, लोखंड, तांबे, पुन्हा निकेल आणि शेवटी पुन्हा लोखंड अशा उत्प्रेरकांच्या रांगेतून वायू जातो. यांपैकी एक जरी बसला, तरी पुढचे सगळे अडते.

बोटाच्या पेराएवढ्या धातूत सहा गुंठे

उत्प्रेरकाचे सगळे काम पृष्ठभागावर चालते. आतला धातू नुसता भार. म्हणून धातू जितका बारीक, तितका कामाचा. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, त्याचे कारण हेच.

हिशोब करून पाहा. एक सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असा धातूचा ठोकळा घेतला, तर त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्र सहा चौरस सेंटिमीटर. आता त्याचेच दहा नॅनोमीटरचे ठोकळे केले. नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. धातू तेवढाच राहिला, पण पृष्ठभाग झाला सहाशे चौरस मीटर. आपल्या भाषेत जवळजवळ सहा गुंठे. बोटाच्या पेराएवढ्या धातूत सहा गुंठे रान!

पण हेच कण एकमेकांना चिकटून वीस नॅनोमीटरचे झाले, तर सहा गुंठ्यांचे तीनच उरतात. चाळीसचे झाले, तर दीड. तराजूत धातू रतीभरही कमी झालेला नसतो, पण पिकाखालचे रान गेलेले असते. नव्या उत्प्रेरकाचे वजन पाहून किंमत ठरवणारा इथेच फसतो.

कण मोठे का होतात?

तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. मग दोन-अडीचशे अंशांवर त्याला काय होणार, असे वाटेल. पण वितळण्याच्या कितीतरी आधी पृष्ठभागावरचे अणू जागचे हलू लागतात, आणि कण जितका बारीक, तितके ते जास्त चंचल. त्यातून दोन प्रकार घडतात. एक म्हणजे अख्खे कणच सरकत सरकत एकमेकांना भिडतात आणि त्यांचा एक गोळा होतो. दुसरा प्रकार अधिक फसवा. लहान कणावरून एकेक अणू सुटतो आणि मोठ्या कणावर जाऊन बसतो. लहान झिजत जातो, मोठा फुगत जातो.

हा दुसरा प्रकार आपल्या कारखान्यातही पाहायला मिळतो. साखर शिजवताना पॅनमध्ये नको असलेला बारीक दाणा धरला, की पॅनवाले थोडे पाणी सोडतात. बारीक दाणा आधी विरघळतो, मोठा टिकतो आणि पुढे त्या विरघळलेल्या साखरेवरच वाढतो. पॅनमध्ये आपल्याला हेच हवे असते. उत्प्रेरकात मात्र हेच नको असते. इंजिनिअर मंडळी कणांच्या या गोळा होण्याला सिंटरिंग म्हणतात.

उष्णता वाढली की सिंटरिंग वाढते, आणि इथेच एक दुष्टचक्र आहे. उत्प्रेरक थकला की उत्पादन घटते. ते भरून काढायला चालवणारे तापमान थोडे वाढवतात. उत्पादन सावरते, पण वाढलेल्या उष्णतेने कण आणखी गोळा होतात. कर्ज फेडायला नवे कर्ज काढण्यासारखेच हे. शेवटी तापमान वाढवायला जागा उरत नाही आणि उत्प्रेरक बदलावा लागतो.

गंधक, कोळसा आणि क्लोरीन

म्हातारपणाशिवाय उत्प्रेरकाला विषबाधाही होते. त्यात पहिला मान गंधकाचा. आपण रस स्वच्छ करायला गंधक जाळतो, द्राक्षवाले भुरीवर गंधक मारतात, म्हणून गंधक आपल्याला मित्र वाटतो. निकेल आणि तांबे यांचा मात्र तो वैरी. गंधकाचा अणू धातूच्या जागेवर बसला की उठत नाही. दुसऱ्याला बसायला जागाच राहत नाही. म्हणून अमोनियाच्या कारखान्यात वायू निकेलपर्यंत पोचण्याआधीच झिंक ऑक्साइडच्या थरातून नेतात. गंधकाला तो थर स्वतःवर घेतो. शेताच्या बांधावर राखण्या बसवावा, तसा हा राखणदार थर.

आसवनीच्या स्पेंटवॉशपासून जो बायोगॅस निघतो, त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे गंधकाचाच. बॉयलरला किंवा इंजिनला द्यायचा, तरीही हा वायू धुऊन घ्यावा लागतो. उद्या कोणी त्यापासून हायड्रोजन किंवा मिथेनॉल करण्याची योजना मांडली, तर ही स्वच्छता कित्येक पटीने कडक लागेल. दहा लाख भागांत एक भागाहूनही कमी गंधक, असा तिथला हिशोब असतो.

तांब्याला क्लोरीनही चालत नाही, कारण त्याने तांब्याचे अणू अधिकच सैल होऊन कण भराभर गोळा होतात. तिसरा त्रास कोळशाचा. सेंद्रिय पदार्थ तापत्या धातूवर थोडे थोडे जळून काळा थर धरतात आणि कण झाकले जातात. हा थर मात्र पुष्कळदा बेताने हवा देऊन जाळून काढता येतो. पण जाळताना ताबा सुटला, तर उष्णता भडकते, आणि कोळसा काढायला जाऊन कणच गोळा होतात. पाचट पेटवायला जाऊन शेजारचा ऊस पेटावा, तसे.

टिकवण्याचे उपाय

पहिला उपाय अंतर राखण्याचा. उसाला पट्टा पद्धतीने जागा देतो, तसे धातूचे कण उष्णतेला न डगमगणाऱ्या पदार्थावर दूरदूर पेरायचे. त्यासाठी बहुधा अॅल्युमिना किंवा सिलिका वापरतात. एकाच ठिकाणी धातू दाट झाला, तर कण लवकर भिडतात. दाट लागणीत फुटवे मरतात हे आपल्याला नवे नाही.

दुसरा उपाय म्हणजे मदतीला दुसरा पदार्थ घालणे. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीत आल्विन मिटाश यांनी अमोनियासाठी योग्य मिश्रण शोधताना हजारो चाचण्या घेतल्या. त्यातून लोखंडात थोडा अॅल्युमिना आणि पोटॅश घालण्याची युक्ती निघाली. पोटॅशने लोखंडाचे काम वाढते आणि अॅल्युमिना लोखंडाच्या कणांमध्ये खुंटीसारखा उभा राहून त्यांना एकत्र येऊ देत नाही. नीट सांभाळलेला असा उत्प्रेरक दहा वर्षांहून अधिक चालतो. शोधाला शंभर वर्षे उलटून गेली, तरी गाभा तोच आहे.

तिसरा उपाय पिंजऱ्याचा. झिओलाइट नावाच्या स्फटिकात ठरावीक मापाच्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात. कण त्या पोकळीत तयार केला, तर वायू आत-बाहेर करू शकतो, पण कण बाहेर पडू शकत नाही. अट एवढीच, की ज्या पदार्थावर काम करायचे तो दारातून आत जाण्याइतका लहान हवा. झिओलाइटच्या क्षेत्रात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे नाव मोठे आहे. तिथल्या संशोधनातून १९८०च्या दशकात अल्कोहोल आणि बेंझिन यांपासून इथाइल बेंझिन करण्याची झिओलाइटची पद्धत उभी राहिली आणि ती विशाखापट्टणमच्या कारखान्यात वापरात आली. त्या पद्धतीत धातूचे कण नव्हते, स्फटिक स्वतःच उत्प्रेरक होता. पण मळीच्या अल्कोहोलला आपल्या महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळेने वाट काढून दिली, हे आपण लक्षात ठेवावे.

चौथा उपाय अलीकडचा आणि मला विशेष आवडलेला. मुंबईच्या आयआयटीतून शिकून गेलेले प्रा. अभय दात्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात उत्प्रेरकांच्या टिकाऊपणावर अनेक वर्षे काम करीत आले आहेत. गाडीच्या धुरात वापरले जाणारे प्लॅटिनम आठशे अंशांच्या आसपास हवेत तापले, की त्याचे अणू ऑक्साइडच्या वाफेच्या रूपाने उडतात आणि मोठ्या कणांवर जाऊन बसतात. त्यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवले, की जवळ सिरिया, म्हणजे सिरियम धातूचा ऑक्साइड, योग्य आकारात ठेवला, तर हे उडालेले अणू त्याच्या पृष्ठभागावर अडकतात आणि एकेकटे टिकून राहतात. आपल्याकडे पावसाने वाहून जाणारी माती नालाबांधात अडवतात. माती वाहायची थांबत नाही, पण गावाबाहेर जात नाही. इथेही तोच विचार आहे. जी उष्णता कणांचा नाश करते, तिच्याकडूनच अणू पसरवण्याचे काम करून घेतले.

यालाही मर्यादा आहेत. हवेत स्थिर असलेले हे अणू हायड्रोजनच्या वातावरणात पुन्हा गोळा होऊ शकतात. प्रयोगशाळेतले ग्रॅमभर काम आणि कारखान्यातले टनावारी काम यांत अंतर असतेच. रोपवाटिकेतला वाण शेतात उतरेपर्यंत किती चाचण्यांतून जातो, हे आपण जाणतोच.

आपल्या अल्कोहोलचे काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अल्कोहोलपासून रसायने करणे ही कल्पनेतली गोष्ट नाही. आपल्याच जिल्ह्यात, कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडीला गोदावरी बायोरिफायनरीज ही कंपनी अल्कोहोलपासून इथाइल अॅसिटेटसारखी रसायने करते. रंग, शाई आणि वेष्टनाच्या धंद्यात त्याला मागणी आहे. उत्तराखंडात काशीपूरला इंडिया ग्लायकॉल्स हा कारखाना अल्कोहोलपासून इथिलीन आणि त्यापुढे ग्लायकॉल करतो. पॉलिएस्टर कापड आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या करायला ग्लायकॉल लागते.

या वाटांवर धातूचा उत्प्रेरक कुठे येतो ते पाहू. अल्कोहोलमधून हायड्रोजन काढून अॅसिटाल्डिहाइड करायचे एक साधन तांबे. २६० ते २९० अंशांवर हे काम चालते. हिशोबाप्रमाणे ४६ किलो अल्कोहोलपासून जास्तीत जास्त ४४ किलो अॅसिटाल्डिहाइड आणि दोन किलो हायड्रोजन मिळतो. प्रत्यक्ष उतारा कमी असतो. एकटे तांबे या उष्णतेला लवकर गोळा होते, म्हणून त्यात क्रोमियमचा ऑक्साइड घालण्याची पद्धत आहे. दुसरी वाट इथिलीनची. त्याचा इथिलीन ऑक्साइड करायला चांदी लागते, अॅल्युमिनावर पसरलेली बारीक चांदी. तापमान सुमारे २२० ते २८० अंश. चांदीचे कण काही वर्षांत मोठे होतात. मग नुसते उत्पादन घटते असे नाही, इथिलीनचा मोठा वाटा जळून फुकट जातो. म्हणजे थकलेला उत्प्रेरक कच्चा मालही खातो. आणि तो कच्चा माल म्हणजे आपला ऊस.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम देशात २००३ पासून सुरू आहे आणि तिथे ठरलेला ग्राहक असतो. रसायनाच्या वाटेला जायचे, तर अल्कोहोलला इथेनॉलच्या भावाहून जास्त काहीतरी मिळाले पाहिजे. हे जास्तीचे जे काही, त्यातूनच उत्प्रेरकाचा खर्च भागायचा असतो.

समजा, एक उत्प्रेरक एक कोटीला मिळतो आणि एक वर्ष चालतो. दुसरा अडीच कोटीला मिळतो आणि चार वर्षे चालतो. चार वर्षांत पहिल्यावर चार कोटी जातील, दुसऱ्यावर अडीच. शिवाय पहिल्यात तीन वेळा जादा कारखाना बंद ठेवून भरणी बदलावी लागेल. ऐन हंगामात मिल बंद पडली, तर काय होते, ते आपल्याला सांगायला नको. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण हिशोबाची रीत हीच.

सभेत विचारावयाचे प्रश्न

रसायन प्रकल्पाची योजना जेव्हा केव्हा सभेपुढे येईल, तेव्हा सभासदांनी पुढील गोष्टी अवश्य विचाराव्यात.

१. उत्प्रेरकात कोणता धातू आहे, आणि एका किलो उत्प्रेरकावर किती टन माल निघेल याची लेखी हमी पुरवठादार देतो काय? नुसती वर्षांची हमी पुरेशी नाही.

२. सुरुवातीचे तापमान किती आणि शेवटच्या वर्षीचे किती? शेवटच्या वर्षी उतारा किती राहील? प्रकल्प अहवालातले नफ्याचे आकडे पहिल्या वर्षाच्या ताज्या उत्प्रेरकावर बेतलेले नाहीत ना?

३. आत येणाऱ्या अल्कोहोलमध्ये किंवा वायूत गंधक आणि क्लोरीन किती चालेल? ते रोज कोण मोजणार? राखणदार थराचा खर्च धरला आहे काय?

४. कोळशाचा थर जाळून उत्प्रेरक पुन्हा तयार करता येतो काय? किती वेळा, आणि त्यासाठी किती दिवस काम बंद?

५. वापरून झालेल्या उत्प्रेरकाचे काय? चांदीसारखा धातू परत मिळवून त्याची किंमत कोणाच्या पदरात पडणार? निकेल-क्रोमियमचा माल घातक कचऱ्यात मोडतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी लागते. तो उकिरड्यावर किंवा ओढ्याकाठी टाकून चालत नाही, कारण खाली आपल्याच विहिरी आहेत.

हे प्रश्न विचारायला रसायनाची पदवी लागत नाही. श्रीगोंदा तालुक्यात घोड आणि कुकडीच्या पाण्यावर ऊस पिकवणारा माणूस बेणे घेताना डोळे पाहतो, कांडी कापून आत तांबडेपणा नाही ना याची खात्री करतो आणि खोडवा किती धरता येईल हे आधी विचारतो. पहिल्या वर्षीचा जोम पाहून तो भुलत नाही. उत्प्रेरकही त्याच नजरेने पारखावा.

आणि जाता जाता माझ्या खात्याचे एक काम. युरियाची गोणी एवढ्या उत्प्रेरकांच्या रांगेतून येते, तेव्हा ती एकदम फेकून देऊ नका. सुरू उसाला नत्र चार हप्त्यांत द्या: लागणीच्या वेळी दहा टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी दहा टक्के आणि मोठ्या बांधणीला उरलेले चाळीस टक्के. शक्यतो मातीआड करा. हप्ते चुकत असतील, तर आपल्या गटाच्या कृषी सहाय्यकाशी बोला, तो वेळापत्रक लिहून देईल.